जावयाला हरवायचं कसं?

प्रेमराज पहिल्या दिवाळसणाला धुळ्याला सासुरवाडीला गेला, तो कपड्यांच्या बॅगेहून मोठी पेटी घेऊन. पेटीत अंगठ्याएवढे दहा सैनिक होते, त्यानं स्वतः रंगवलेले. थर्माकोलच्या पडक्या भिंती होत्या, फासे होते, मोजपट्टी होती. पाच सैनिक तुझे, पाच माझे. पट्टीनं मोजून सरकवायचे आणि फासे टाकून लढायचं, एवढाच खेळ. पण जळगावात त्याला गडी मिळेना. गावी असोद्याला वडिलांनी, म्हणजे जीवराम आबांनी, 'भातुकली' म्हणून एका शब्दात निकाल लावला. शेवटी बायकोनं अट घातली.

"दिवाळीत एक माणूस तरी तुमच्याशी मनापासून खेळला पाहिजे," ज्योती म्हणाली, "नाहीतर पेटी भाच्याला."

भाच्याच्या हातात कुठलीही वस्तू दुपारपर्यंत टिकत नाही. बिचाऱ्या प्रेमराजचा जीव टांगणीला लागला.

फराळ झाल्यावर त्यानं टेबलावर लढाई मांडली. सासरे लोटननाना समोर बसले आणि त्यांनी आपले पाचही सैनिक कडेला, भिंतीमागून बाहेर, ओळीनं उभे केले.

"नाना, ते आडोशाला ठेवा. मी गोळी घालीन ना!"

"घाला, जवाईबापू. लाजू नका. आपलंच घर शे."

नानांचा फासा सहावर पडला, तर त्यांनी तो बोटानं हलकेच एकवर वळवला. प्रेमराज जिंकला. मग मेहुणा ज्ञानेश्वर बसला. त्यानं पहिल्याच डावात शरणागती पत्करून पुढं चकल्यांचं ताट सरकवलं. सासूबाई, म्हणजे ताईबाई, स्वयंपाकघरातून ओरडल्या, "पाव्हनाले हारवू नका हो!"

"नाना, खरं खेळा की!" प्रेमराज काकुळतीला आला.

"जवाई दिवाळीले वना आनि हारीसन गया, मी लोकेसले काय सांगू?"

ज्योती दारात उभी राहून गालात हसत होती. प्रेमराजला ते हसू बोचलं, आणि बोचल्यावरच त्याचं डोकं चाललं.

"नाना, ही फौज माझी नाहीच. आमच्या आबांची समजा."

जीवराम आबांनी लग्नात बासुंदी पातळ आहे असं भर पंगतीत म्हटलं होतं. नानांनी चष्मा चढवला आणि मोजपट्टी स्वतःच्या हातात घेतली.

"याहीना सेनापती कोनता शे?" त्यांनी व्याह्यांच्या फौजेवरून बोट फिरवत विचारलं.

पुढची लढाई बघवत नव्हती. नाना भिंतीआडून निघाले, अर्ध्या इंचासाठी भांडले, फासा फुंकून टाकू लागले. शेवटचा सैनिक पडला तेव्हा ते गरजले, "हाई घ्या पातळ बासुंदी!"

प्रेमराज सपाटून हरला होता आणि इतका सुखी तो लग्नातही नव्हता. पण नानांना तेवढ्यानं चैन पडेना. त्यांनी असोद्याला फोन लावला.

"आबा, तुमनी फौज बठ्ठी आडवी करी टाकी!"

कसली फौज, कुठली लढाई, पलीकडून आबांनी विचारलंच नाही. "मना बाजूनी कोन खेळनं?"

"तुमना पोऱ्या."

"त्याले काय येस! मी येस सकाये."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आबा आले. रामराम झाला, पाणीही न पिता दोघे व्याही टेबलाला भिडले. प्रेमराजनं हौसेनं खुर्ची ओढली.

"मी कोणाच्या बाजूनं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लग्नापासून पहिल्यांदाच दोन्ही व्याह्यांचं एकमत झालं.

"जवाईबापू, तुम्ही चहा सांगा."