गुळणीवाले डॉक्टर

सकाळी बाईंनी डोळे उघडले तेव्हा त्यांची मान डावीकडे वळलेली होती. ती त्यांनी सरळ करायला घेतली, तर मानेने साफ नकार दिला.

"अहो," त्या कपाटाकडे बघत म्हणाल्या, "माझी मान अडकलीय."

"मी इकडे आहे," उजवीकडून नवरा म्हणाला.

"ते कळतंय मला. मान तिकडे येत नाहीये ना!"

"मग रजा टाक आज."

"रजा कसली? आज गुळणीवाले आहेत."

नवरा उठून चहा टाकायला गेला. गुळणीवाल्यांचं नाव त्या घरात सासूबाईंच्या खालोखाल गंभीरपणे घेतलं जाई.

बाई एका ऑफिसात डॉक्टरांची रेकॉर्डिंगं ऐकून टाइप करत. पेशंट तपासून झाला की डॉक्टर त्याची माहिती बोलून ठेवत आणि बाई हेडफोन लावून तिचा अहवाल बनवत. तो मग डॉक्टरांकडे आणि पेशंटकडे जाई. टेबलाखाली एक पेडल असे. ते पायाने दाबलं की रेकॉर्डिंग जरा मागे जाऊन पुन्हा ऐकू येई. इतर डॉक्टरांसाठी ते अधूनमधून लागे. हाडांच्या एका डॉक्टरांसाठी मात्र बाईंचा पाय शिवणयंत्रावर असल्यासारखा चाले. तोंडातलं पाणी थुंकायच्या आधीच कुणी बोलायला लागावं, तसं ते बोलत. म्हणून ते गुळणीवाले.

त्यांचं ऐकताना बाई नकळत पुढे वाकत, मान तिरकी करत, श्वाससुद्धा रोखत. त्यात खुर्ची अशी, की सकाळी उंच असे आणि दुपारपर्यंत आपोआप खाली बसत जाई. जेवणानंतर बाई हनुवटीच्या उंचीवर टाइप करत. त्यामुळे मान आज अडकली यात नवल नव्हतं. इतके दिवस ती टिकली कशी, हेच नवल होतं.

ऑफिसात बाईंनी कीबोर्ड समोर ठेवला आणि खुर्ची आडवी वळवली. आता निदान नजर तरी स्क्रीनवर पडत होती. पहिलंच रेकॉर्डिंग लागलं. पेशंटचं परवा ऑपरेशन होतं, गुडघ्याचं. पण डावा की उजवा? तिथे नेमका "ग्लब्ब" असा आवाज होता. बाईंनी पेडल दाबलं. ग्लब्ब. पुन्हा दाबलं. ग्लब्ब.

त्यांनी पलीकडच्या टेबलावरच्या शेजारणीच्या कानाला हेडफोन लावला.

"ताई, हे तर 'भोपळा' म्हणतायत," शेजारीण म्हणाली.

"हाडांचे डॉक्टर भोपळा कशाला म्हणतील?"

"मला काय माहीत? मी ऐकू आलं ते सांगितलं."

शेवटी बाई ऑफिसच्या मुख्य मॅडमकडे गेल्या. मॅडमना अहवालातली रिकामी जागा अजिबात खपत नसे.

"अंदाजाने टाका काहीतरी."

"मॅडम, गुडघा आहे हो माणसाचा!"

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. बाई खिडकीकडे बघत होत्या.

"तुमच्या मानेला काय झालंय?"

"अडकलीय."

"अरे वा!" मॅडम खूश झाल्या. "मग आत्ताच्या आत्ता त्यांच्याच दवाखान्यात जा. मान दाखवा आणि गुडघा विचारून या. रेकॉर्डिंग फोनवर घेऊन जा."

दवाखान्यात नंबर लागायला फार वेळ गेला नाही. डॉक्टर गोरेगोमटे, हसतमुख, टेबलापलीकडे बसलेले. बाई तिरक्या बसल्या, म्हणजे डॉक्टर समोर आले. डॉक्टरांनी प्रेमाने काहीतरी विचारलं. बाईंना त्यातला "कधी" तेवढा कळला. आणि सवयीप्रमाणे त्यांचा उजवा पाय खाली गेला.

"आई गं!" डॉक्टर ओरडले. हे अगदी स्वच्छ ऐकू आलं.

"सॉरी, सॉरी!"

डॉक्टरांनी बूट झटकला आणि पुन्हा काहीतरी विचारलं. बाईंचा पाय पुन्हा दाबला गेला. डॉक्टरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. वैतागले की त्यांचं बोलणं स्वच्छ होई.

"बाई, तुम्हाला मानेचा त्रास आहे की पायाचा?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. आपण कोण, कुठल्या, कशासाठी आलो, सगळं बाईंनी सांगून टाकलं. डॉक्टरांचा चेहरा पडला.

"माझं बोलणं कळत नाही? मी तर अगदी स्पष्ट बोलतो."

बाईंनी फोन काढून रेकॉर्डिंग लावलं. ग्लब्ब.

"हे काय, अगदी सरळ आहे," डॉक्टर म्हणाले. "मी म्हणतोय... जरा मागे घ्या."

ग्लब्ब.

"अजून एकदा."

डॉक्टर पुढे वाकले. त्यांनी कान फोनजवळ नेला, मान तिरकी केली, डोळे मिटले, श्वास रोखला. बाईंना ती बैठक ओळखीची वाटली. त्या "सांभाळून!" म्हणणार, तेवढ्यात कट् असा आवाज आला.

डॉक्टर तसेच राहिले. त्यांची मान उजवीकडे अडकली होती.

रिसेप्शनवरची मुलगी आत आली, तर बाई एका भिंतीकडे बघतायत आणि डॉक्टर दुसऱ्या. तिला वाटलं, भांडण झालं.

"त्या परवाच्या पेशंटला फोन लाव," डॉक्टर भिंतीला म्हणाले. "विचार, गुडघा डावा की उजवा."

तिने तिथूनच फोन लावला, विचारलं आणि ऐकत राहिली. मग फोनवर हात ठेवून म्हणाली, "सर, ते म्हणतायत, गुडघे दोन्ही छान आहेत. दुखतंय कोपर."

बाईंनी कपाळावर हात मारला. 'गुडघा' तर त्यांनी बिनधास्त टाइप करून टाकला होता!

"उजवं," मुलगी म्हणाली.

त्या दिवशी डॉक्टरांनी बाईंची मान सोडवली आणि नंतर, आरशात बघत, बाईंच्या मदतीने स्वतःची. पण त्या कोपराचा धसका त्यांनी कायमचा घेतला. दुसऱ्या दिवसापासून त्यांची रेकॉर्डिंगं अशी येऊ लागली, की शब्दन् शब्द मोती. शिवाय ते मधूनच बाईंची काळजीही घेत. "टाचेत सूज आहे. बाई, पाठ टेकलीत ना? मान हळूहळू दोन्हीकडे वळवा. छान. आता पुढे." बाई हसत, मान वळवत, आणि तेवढं सोडून बाकीचं टाइप करत. कित्येक दिवसांत त्यांचं काम इतक्या सुखात चाललं नव्हतं. त्याच आनंदात त्यांनी नवऱ्याबरोबर आठवडाभराची रजा घेतली आणि काम शेजारणीला दिलं.

शेजारीण ऐकू येईल ते टाइप करणारी.

बाई परत आल्या त्या सकाळी मॅडमच्या टेबलावरचा फोन वाजत होता. मॅडम नव्हत्या, म्हणून बाईंनीच तो उचलला.

"तुम्हीच अहवाल पाठवता ना?" एका म्हाताऱ्या गृहस्थांचा उत्साही आवाज आला. "डॉक्टरांना माझा निरोप द्या. लिहिलंय तसं सगळं करतोय. पाठ टेकून बसतो, मान दोन्हीकडे वळवतो. घरातले सगळे मला बाई म्हणून चिडवतात, तेही मी मनावर घेत नाही. मान एकदम झकास आहे."

"अरे वा," बाई क्षीण आवाजात म्हणाल्या.

"फक्त एक विचारायचं होतं," गृहस्थ म्हणाले. "टाचेपर्यंत गुण पोचायला साधारण किती दिवस लागतात?"