दाजींची माघार

आधी माझी चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा राहील. तहसील कचेरीच्या आवारात, भरल्या माणसांत, मी माझ्या दाजींना ‘डमी’ म्हणालो. ते खोटं नव्हतं. त्यातली वाईट गोष्ट तीच.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. गाव घनसावंगी तालुक्यात, थोडी कपाशी, थोडा ऊस आणि छंद एकच: निवडणुकीचा अर्ज भरायचा आणि मुदतीत मागे घ्यायचा. ज्यांना गावचं राजकारण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पॅनलच्या खऱ्या उमेदवाराचा अर्ज छाननीत उडाला तर जागा हातची जाऊ नये, म्हणून आणखी एकाचा अर्ज भरून ठेवतात. तो डमी. खऱ्याचा अर्ज टिकला की डमीने माघार घ्यायची, चहा प्यायचा आणि घरी यायचं. ग्रामपंचायत असो की सोसायटी, दाजी वर्षानुवर्षं हेच करत आले. त्यांच्या गावात खऱ्याचा अर्ज कधी उडाला नाही.

अर्ज तीन वाजेपर्यंत घेतात. दाजी मात्र शिपायाच्या आधी फाटकापाशी हजर असायचे. “तीनला फाटक बंद. आत हाये तो उमेदवार, भाईर हाये तो मतदार,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पिशवीत जादा फोटो, डिंकाची बाटली, टाचण्या. एकदा विरोधी पॅनलचा माणूस शेवटच्या घटकेला धापा टाकत आला, तर त्याच्या अर्जावरचा फोटो निघालेला. दाजींनी आपला डिंक पुढे केला. त्यांचा पुतण्या सुधाकर भडकला, “काका, त्यो आपला विरोधक हाये!”

“असंल. पण फोटू तर त्याचाच हाये न्हवं?”

या नादापायी त्यांची भाषाच पालटली होती. जगातल्या सगळ्या गोष्टी वैध आणि अवैध अशा दोनच. पाणचट चहा अवैध. वेळेवर आलेली बस वैध. माझ्या मुलीसाठी स्थळ बघायला आले तेव्हा मुलाशी तासभर बोलून मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “दिनकर, पोरगं बिलकुल वैध हाये. त्याच्या मामाची छाननी कर.” पंगतीत जिलेबीचा आग्रह झाला की ताटावर हात धरायचे आणि वाढपी पुढे सरकला की हाक मारायचे, “अरे, माघारीची मुदत अजून हाये!” नवीन जालन्यात आमच्या घरी पहिल्यांदा मुक्कामाला आले तेव्हा संडास बघून विचारलं, “वापर नियमित हाये का?” अर्जाला संडास वापरत असल्याचा दाखला जोडावा लागतो, त्याची सवय.

लोक हसायचे. मीही हसायचो, पण खरं म्हणजे मला त्यांचा कंटाळा यायचा. मी बियाणांच्या एका कंपनीत नोकरी करतो. दिवसभर फोन, तक्रारी, साहेब. घरी आलं की पुन्हा दाजींचा फोन, सूचकाची सही कुठे हवी यावर. एकदा वैतागून विचारलं, “दाजी, ह्याच्यातून तुम्हाला मिळतं काय?”

ते जरा लाजले. “छाननीला साहेब मोठ्यानं नाव घेतो. रंगनाथ मारोतीराव शेवाळे, अर्ज वैध. पुरं नाव घेतो रे. गावात कोण घेतंय? समदे डमीच म्हणतेत.”

मी तेही हसण्यावारी नेलं.

यंदा सरपंचपदाला सुधाकर उभा राहिला. डमी अर्थातच काका. दोघांचे अर्ज वैध ठरले. माघारीच्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. “मामा, काका अडून बसले. माघार घेत न्हाईत. भावकीची मतं फुटतील, मी मरतो बघा. ते तुमचंच ऐकतेत. जल्दी या.”

साहेबाची बोलणी खाऊन रजा टाकली, जीपमध्ये दाटीवाटीने बसून घनसावंगीला पोचलो. तीनला थोडाच वेळ उरला होता. आवारात दोन्ही पॅनलची माणसं उभी. मधे लिंबाखाली दाजी, मांडीवर पिशवी. सुधाकरने विनवून झालं होतं, रागावून झालं होतं.

“दाजी, चला. सही करा.”

“तीन वाजू दे. चिन्ह वाटप होऊ दे. मंग मी घरी बसतो. परचार करीत न्हाई, मत मागत न्हाई.”

“चिन्ह मिळालं की नाव मशीनवर येतं, दाजी. मग मतं पडणारच.”

“पडू दे दोन-चार. माझं बी नाव एकडाव येऊ दे की.”

“कशाला पण?”

ते पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसले. सुधाकर घड्याळाकडे बघत होता. सकाळचा साहेब माझ्या डोक्यात होता, जीपचा धुरळा घशात. मी मोठ्याने म्हणालो, “दाजी, डमीला कुठं निवडणूक असती का?”

आवार हसलं. विरोधकसुद्धा, ज्याला डिंक दिला होता तोसुद्धा.

दाजी उठले. “तू बी, दिनकर?” एवढंच विचारलं. आत गेले, सही करून बाहेर आले. सुधाकरने चहा आणवला. दाजींनी तो प्यायला. वैध म्हणाले नाहीत, अवैधही म्हणाले नाहीत.

सुधाकर दणकून निवडून आला. दाजींनी दोन-चार काय, अख्खी आळी फोडली असती तरी आला असता.

गुलाल उधळून झाल्यावर मी अक्काकडे गेलो. दाजी घरात नव्हते. कोपऱ्यात तिची शिलाई मशीन जुनं लुगडं पांघरून उभी होती. लग्न झाल्यापासून अक्काने गावभराची पोलकी त्या मशीनवर शिवली. अलीकडे तिची नजर अधू झाली आहे. अक्षर लागत नाही, सुईचं नाकं दिसत नाही. तरी ती घरातलं काहीबाही शिवायची आणि दाजी शेजारी बसून दोरा ओवून द्यायचे. पुढे तेही थांबलं.

“तुझे दाजी लई गप झालेत,” अक्का म्हणाली. “शिलाई मशीन मागणार व्हते.”

“कुणाला?”

“चिन्ह रे. मला म्हणले, तुझी मशीन येशीपासून मारोतीपर्यंत भिंतीवर काढतो. मी म्हणलं, येडे झालात का? तर म्हणले, निवडून कुणाला यायचंय? तू मत टाकाया जाशील तव्हा तिथं तुला तुझी मशीन दिसंल.” पदराने तिने मशीनवरची धूळ पुसली. “अक्षर न्हाई रे लागत मला. पण मशीन मी वळखली असती.”

मला तिथे बसवेना. उठून पाराकडे गेलो. चहाच्या टपरीवर नेहमीची माणसं होती, सुधाकर होता, त्या दिवशी आवारात हसलेले बरेच जण होते. दाजी बाकड्याच्या टोकाला एकटे बसले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो.

“दाजी, त्या दिवशी बोललो ते मागं घ्यायचं हाये.”

त्यांनी बशीत फुंकर मारली. “मुदत गेली. तीनलाच गेली.”

“माहीत आहे. तरी घ्या.”

“सूचक कोण?”

“अक्का.”

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, “बोल मंग. पण मोठ्यानं. छाननी मोठ्यानं असती.”

टपरीवरची माणसं आमच्याकडे वळली. वडीलधाऱ्या माणसाला मी आजवर नावाने हाक मारली नव्हती. घसा साफ केला आणि छाननीला साहेब घेतो तसं नाव घेतलं.

“रंगनाथ मारोतीराव शेवाळे, मी तुम्हाला भरल्या माणसांत डमी म्हणालो. चुकलो मी. माफ करा, दाजी.”