एका दुकानात एकच वस्तू

मी आज शारजात नोकरी करतो, बायको-मुलीसह राहतो, याचं श्रेय कुणा एका माणसाला द्यायचं तर ते मधुकर टिपणीस यांना. आईवडिलांचे आणि शाळेतल्या गुरुजींचे उपकार आहेतच. त्यांनी मला शिकवून गंगाखेडच्या स्टँडवर आणून सोडलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळे स्टँडच्या पुढचं कुणाला काही ठाऊक नव्हतं. पुढचं सगळं टिपणीसकाकांनी दाखवलं.

हे टिपणीसकाका एका दुकानातून दोन वस्तू कधीही विकत घेत नसत.

ब्रश एका दुकानातून, पेस्ट दुसऱ्यातून. चहा एकाकडून, साखर दोन गल्ल्या सोडून. त्यांना हायपरमार्केटमध्ये न्यायचं धाडस मी एकदाच केलं. ते दारातच थांबले, आत नजर फिरवली आणि म्हणाले, "संतोष, जिथे सुरमई आणि बनियन एका छपराखाली मिळतं, तिथे दोन्हीतलं कळणारा माणूस नसतो. तू जा. मी इथे उभा आहे."

त्यांच्या तोंडी सर्वांत मोठी पदवी म्हणजे 'नुसता'. नुसता स्प्रिंगवाला. नुसता कुलूपवाला. "अरे, तो चाळीस वर्षं नुसते वजनकाटे विकतो!" हे ते ज्या आदराने म्हणत, त्या आदराने आमच्याकडे लोक कलेक्टरचं नाव घेतात.

कंपनीने त्यांना एकदा यंत्रांच्या प्रदर्शनासाठी चार दिवस व्हिएन्नाला पाठवलं होतं. परत येताना त्यांनी दीडशे फोटो आणले, त्यात राजवाडा एकही नाही. सगळे फोटो दुकानांच्या दारांचे. नुसती बटणं विकणारं दुकान, नुसत्या छत्र्या, नुसते ब्रश, आणि एक म्हातारी नुसते हातमोजे विकणारी. ती गिऱ्हाइकाचा हात हातात घेऊन बोटं बघते आणि मगच खण उघडते म्हणे. "लोक हे बघायला विमानाने जातात," काका म्हणत. "शारजात हे सगळं आहे. फक्त आपल्याकडे पाट्या रंगवलेल्या नसतात."

हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या कंपनीत इंजिन ऑइल डब्यांत भरलं जातं. काका खरेदी विभागाचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. राहायला ते आमच्याच इमारतीत, दोन मजले वर, एकटे. मुलींच्या शाळेसाठी काकू पुण्याला परतल्या त्याला अठरा वर्षं झाली होती. काकांच्या एकोणतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही चुकीचा माल आला नव्हता. ही गोष्ट आमच्याकडे नव्या माणसाला चहाचं मशीन कुठे आहे हे सांगण्याआधी सांगितली जाई.

चुकीचा माल मी आणला, प्रोबेशनच्या सहाव्या महिन्यात.

नवीन भरणी यंत्र अमेरिकेहून आलं होतं. त्याला पाऊण इंची पितळी एल्बो, म्हणजे नळीचे काटकोनी सांधे, हवे होते, चोवीस. काका दोन दिवस रजेवर होते. मी ऑर्डर टाकली, 'तपासणारा' हा रकाना रिकामा सोडून. आता या मापात ब्रिटिश आटे आणि अमेरिकन आटे इतके सारखे असतात की एकात दुसरं मुकाट्याने बसतं. आट्याच्या कोनात फरक असतो तेवढाच. मी मागवले ब्रिटिश. चोवीसच्या चोवीस छान बसले. फिटरने माझी पाठ थोपटली. मग तेलाचा दाब दिला आणि चोवीस ठिकाणांहून तेल पाझरायला लागलं.

दुपारचा एक वाजला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गिऱ्हाइकाचा तपासनीस येणार होता. आमचे मॅनेजर नबील साहेब जॉर्डनचे, ओरडत नाहीत. त्यांनी जमिनीवरच्या तेलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नऊ वाजता लाइन चालू. नाहीतर खलास."

प्रोबेशनमध्ये खलास म्हणजे चौदा दिवसांची नोटीस. बायको रूपाली आणि मुलगी परी येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, आणि दोघींचा व्हिसा माझ्या व्हिसावर.

काका त्याच दिवशी कामावर आले होते. त्यांनी एक एल्बो उचलला, आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, "ब्रिटिश. चल, गाडी काढ."

त्यानंतरचे पाच तास मी आयुष्यात विसरणार नाही, कारण त्यातला दीड तास आम्ही चहा पीत होतो.

काकांचा नियम असा, की दुकानात शिरल्याबरोबर काय हवंय ते सांगायचं नाही. "आधी त्याच्याकडे काय आहे ते बघावं. मग त्याला आपल्याकडे बघू द्यावं." शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात पहिलं दुकान पेशावरच्या खानसाहेबांचं, नुसतं पितळ. दोन वाजून दहा मिनिटं.

"टिपणीस भाई! पहले चाय."

"चाय तो होगी ही. खानसाब, ये संतोष. अपना आदमी है. चेहरा देख लो."

खानसाहेबांनी माझा चेहरा बघितला. मी घड्याळ बघितलं. चहा आला. एक दिरहमचा, म्हणजे तेवीस रुपयांचा तो कडक चहा मला काढ्यासारखा लागला. गुडघेदुखी, पेशावरचं पाणी, मुलाचं लग्न, सगळं झाल्यावर काकांनी सहज खिशातून एल्बो काढला. खानसाहेबांनी मान हलवली. "अमेरिकन? मेरे पास चार होंगे. देरा में हुसेन को पूछो."

दुबईतल्या देराला पोहोचायला तासभर. हुसेन म्हातारा इराणी, नुसते व्हॉल्व्ह. पुन्हा चहा. पुन्हा "ये संतोष, अपना आदमी, चेहरा देख लो." माझा संयम सुटला.

"काका, माझी नोकरी जातेय! माझा चेहरा नंतर दाखवा ना यांना!"

काकांनी बशी खाली ठेवली. "नंतर कोण दाखवणार?" इतकंच म्हणाले आणि हुसेनला त्याच्या मोतीबिंदूबद्दल विचारू लागले.

हुसेनकडे एकही एल्बो नव्हता. पण त्याने एका कागदावर दुबईतल्याच अल क्वोजचा पत्ता लिहून दिला. तिथे कोया नावाचा मलबारी होता. जुन्या तेलविहिरींच्या सामानातून काढलेले नुसते अमेरिकन आटे विकायचा. "सहा बजे शटर. वो नमाज़ के बाद नहीं खोलता. यल्ला, जाओ!"

साडेपाचला आम्ही हायवेवर अडकलेले. परीचा फोन आला. "पप्पा, यू आर सो लेट." काकांनी फोन घेतला. "तुझे पप्पा शिकताहेत, बाळ." पलीकडून आवाज आला, "बट पप्पा इज ओल्ड!" काका इतके हसले की पुढची गाडी हललेली मला दिसलीच नाही. मागच्याने हॉर्न दिला.

सहाला तीन मिनिटं कमी असताना आम्ही पोहोचलो. शटर निम्मं खाली. कोया वाकून कुलूप शोधत होता. इथे चहाला वेळ नव्हता, तरी काका आधी म्हणालेच, "कोयाभाई, ये संतोष." आणि मग, "इसकी नौकरी का सवाल है."

कोयाने माझ्याकडे पाहिलं आणि शटर वर केलं. खणात एकोणीस निघाले. एकोणीस! कोया भिंतीपुढे उभा राहिला. तिथे लाकडी फळीवर दुकानातल्या प्रत्येक मालाचा नमुना ठोकलेला होता. त्याने पक्कड घेतली आणि त्या फळीवरून एक, दोन, तीन करत पाच एल्बो सोडवले. फळीवर पाच पांढरे चट्टे राहिले.

परतताना मी काकांना म्हटलं, "पुण्यातही अशी दुकानं असतील. निवृत्तीनंतर मजा आहे तुमची."

काका म्हणाले, "असतील. पण तिथे मला कोण ओळखतं? इथे निदान चाळीस दुकानांत माझ्यासाठी स्टूल पुढे सरकतं. पुण्याला घरी गेलो ना, की तुझी काकू मला पाहुण्यांच्या कपात चहा देते."

सकाळी आठ पस्तीसला लाइन चालू झाली. एक थेंब पाझरला नाही. तपासनीस खूश होऊन गेला. मग नबील साहेबांनी ऑर्डरचा कागद टेबलावर ठेवला आणि रिकाम्या रकान्यावर बोट टेकवलं. "ब्रिटिश कोणी सांगितलं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका म्हणाले, "मी. रजेवर होतो, फोनवरून सांगितलं. पोराने सांगितलं ते केलं."

"तुम्ही? एकोणतीस वर्षांनी?"

"वय झालं, हबीबी."

बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरला. काका म्हणाले, "अरे, मला गेल्या आठवड्यातच पत्र मिळालंय. कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाहीत. रजा त्याच कागदपत्रांसाठी होती. एका माणसाला दोनदा काढता येत नाही, संतोष. तुला मात्र एकदा आलं असतं."

तेव्हा मला दुकानादुकानातला तो चहा आणि ते 'चेहरा देख लो' कळलं.

निरोपाच्या दिवशी केक कापला. नबील साहेबांनी छोटं भाषण केलं. "एकोणतीस वर्षांत एक चूक, तीही शेवटच्या आठवड्यात!" सगळे हसले. काकाही हसले, हातात सुरी तशीच धरून. मी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला पुढे दहा दिवस ऐकू येत होत्या. अकराव्या दिवशी मी जे केलं ते त्यांना कळवलं. काका मोबाइलवर दोन ओळींपलीकडे वाचत नाहीत, म्हणून कागदावर लिहून पुण्याला पाठवलं. ते पत्र असं:

आदरणीय टिपणीसकाका,

सा. नमस्कार.

काल सकाळी मी नबील साहेबांना खरं सांगितलं. ब्रिटिश एल्बो मी मागवले, तुम्हाला न विचारता, आणि फोन वगैरे काही झाला नव्हता. प्रोबेशन संपायला चार दिवस आहेत. ते संपल्यावर सांगावं असा विचार मनात आला होता, हेही तुमच्यापासून लपवत नाही. रूपालीला विचारलं. ती म्हणाली, "आधी सांगून या. गंगाखेडला परत जावं लागलं तर जाऊ."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, माझ्याबद्दल सोमवारी ठरवतील. तुमच्याबद्दल मात्र त्यांनी लगेच ठरवलं. मला समोर बसवून टाइप करायला लावलं आणि खाली सही केली. मधुकर टिपणीस यांच्या एकोणतीस वर्षांच्या सेवेत एकही ऑर्डर चुकली नाही, असं त्यात आहे. कागद तुमच्या फाइलला लावला.

तुम्ही रागवाल, हे मला माहीत आहे. रागवा. पण त्या कागदाची झेरॉक्स सोबत पाठवली आहे, ती काकूंना वाचून दाखवा. तुम्ही इथे कोण होतात, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

आपला,
संतोष