विनूदादाचा डावा हात

माझ्या मामेभावाला, विनूदादाला, कुणी टोमणा मारला तर तो रागावत नाही की उलट बोलत नाही. जागच्या जागी थांबतो, डावा हात वर करतो आणि शांतपणे म्हणतो, "लागलं."

तलवारबाजीतली ही जुनी रीत आहे. समोरच्याच्या तलवारीचं टोक अंगाला टेकलं की पंचांनी विचारायच्या आत आपणच हात वर करून कबूल करायचं. हल्ली खेळाडूच्या पाठीला तार जोडतात, टोक टेकलं की यंत्राचा दिवा पेटतो, त्यामुळे कबुलीवाचून कुणाचं अडत नाही. विनूदादा मात्र ती रीत घेऊन सगळ्या बनारसभर हिंडतो. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीतली भाजीवाली एकदा त्याला म्हणाली, "बाबूजी, रोज चारै परवल लेते हैं, घर में चूहा जीमता है का?" दादाचा हात वर. तेव्हापासून ती चार परवल तोलताना स्वतःच ओरडते, "लग गया बाबूजी को."

गल्लीत सांड समोर आला की आम्ही माणसं दिसेल त्या दारात शिरतो. दादा छत्री पुढे धरतो, गुडघे वाकवतो आणि एक पाऊल पुढे, एक मागे असा नाचतो. "अंतर, अरू. सगळा खेळ अंतराचा." बहुतेक वेळा सांडच कंटाळून बाजूला होतो. एकदा झाला नाही. त्याने दादाला शिंगांच्या मध्ये घेऊन हलकेच भिंतीला टेकवलं. दादाने त्याही अवस्थेत सांडाला हात वर करून दाखवला.

तरुणपणी तो मुलगी बघायला गेला होता. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "रेल्वेत कारकून आहात ते ठीक, पण संध्याकाळचे हे तलवारीचे खेळ किती दिवस चालवणार?" दादाने हात वर केला, "लागलं" म्हणाला, चहा संपवला आणि नमस्कार करून घरी आला. मुलीकडच्यांना वाटलं, याने नकार दिला. दादाला वाटलं, आपण हरलो. कुणी कुणाला विचारलंच नाही. ही गोष्ट आमच्या घरात आम्ही अजून हसत हसत सांगतो. दादाही हसतो. मग चार परवल घेऊन आपल्या दोन खोल्यांत जातो.

आता माझ्याबद्दल. मी एका शाळेत खेळ शिकवतो आणि तलवारबाजीचाही प्रशिक्षक आहे. फॉइल नावाच्या प्रकारात फक्त धडावरचा स्पर्श मोजतात, त्यामुळे माझ्याशी खेळणाऱ्याची सोय माझ्या पोटाने आधीच करून ठेवली आहे. लहानपणापासून दादा जे करायचा ते मी करत आलो, आणि जे मी केलं ते त्याने आधीच माझ्यापेक्षा बरं केलेलं असायचं. माझ्या शाळेतल्या पोरी शिकतात माझ्याकडे, पण घाटावर आम्ही दोघे दिसलो की वाकून नमस्कार त्याला करतात आणि मला म्हणतात, "गुड मॉर्निंग सर." मागे जिल्हा स्पर्धेत त्याने मला हरवलं, तेव्हा मी पाच महिने त्याच्याशी अबोला धरला होता. तो दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतो, ते त्या पाच महिन्यांत बंद होतं. त्याने काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो, हे वाचकांनी विसरून जावं.

तर गेल्या हिवाळ्यात बनारसमध्येच तलवारबाजी प्रशिक्षकांचं तीन दिवसांचं संमेलन भरलं. एका कॉलेजचा हॉल, मातीच्या कुल्हडातला चहा आणि गळ्यात अडकवायचं नावाचं कार्ड. माझ्या कार्डावर 'प्रशिक्षक' होतं. दादाच्या कार्डावर 'वरिष्ठ प्रशिक्षक'. मी माझं कार्ड उलटं करून घातलं. तीनदा वाऱ्याने सुलटं झालं.

संमेलन चालवायला केरळहून कुरियन सर आले होते. मी पहिल्या रांगेत बसून प्रश्न विचारले. दादा शेवटच्या रांगेत बसून हातमोज्याची उसवलेली शिवण घालत होता. तरी पावलं कशी टाकावीत हे दाखवायला सरांनी कुणाला बोलावलं? शेवटच्या रांगेतल्याला. चोपन्नाव्या वर्षी तो लाकडी फरशीवरून असा सरकला की सगळ्यांनी वह्या खाली ठेवल्या. शेजारचा गोरखपूरचा प्रशिक्षक मला कोपराने ढोसत म्हणाला, "आप इन्हीं के भाई हैं न? भाग्यशाली हैं." मी म्हणालो, "हां, बहुत." आणि कुल्हड इतक्या जोरात खाली ठेवलं की ते फुटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी खरी गोष्ट सांगितली. पुढच्या महिन्यात दिल्लीला परदेशी प्रशिक्षकांचा पंधरा दिवसांचा वर्ग होता. बनारसमधून एकालाच जागा, वयाची मर्यादा पंचावन्न. संमेलनाला बनारसचे आम्ही दोघेच होतो. दादासाठी ही शेवटची संधी होती हे हिशेब न करताही कळत होतं. मी हिशेब केला, आणि कळूनही मला ती जागा हवीच होती. आयुष्यात एकदा कुणीतरी विनूदादाला सोडून मला निवडावं, एवढंच.

"दोनों तलवारबाज़ हैं," सर म्हणाले. "चिट्ठी क्यों डालें? पाँच का बाउट खेल लीजिए."

आधी पाच स्पर्श करील तो दिल्लीला जाणार. आम्ही जाकिटं चढवली. दादाचं पांढरंशुभ्र, इस्त्रीचं. माझं बंद होईना, ते त्यानेच मागून ओढून लावून दिलं. "श्वास सोड, अरू. आता घे." हेही मला आवडलं नाही.

दोन-दोन असं झालं आणि वीज गेली. यंत्र मुकं झालं. खिडक्यांतून ऊन येत होतं, खेळायला अडचण नव्हती. सर म्हणाले, "पुराने ढंग से. जिसे लगे, वही बोले." जाळीच्या मुखवट्याआड दादा हसला असणार, कारण त्याचे खांदे हसले. त्याने मला दोनदा टोचलं, मी दोनदा हात वर केला. चार-दोन. मग मी त्याला एकदा टोचलं, त्याचा हात माझं टोक पोचता पोचताच वर गेला. चार-तीन.

पुढचा हल्ला त्याचा होता. माझ्या डाव्या बरगडीवर, काखेच्या जरा खाली, टोक टेकलं. फार हलकं. डास बसावा तसं. पंच म्हणून उभ्या असलेल्या सरांना माझी पाठ दिसत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या हॉलने पाहिलं. माझा डावा हात मांडीला चिकटून राहिला.

दादा थांबला. मुखवट्याच्या जाळीतून माणसाचे डोळे दिसत नाहीत, हे किती बरं आहे. मग तो मागे सरकला आणि पुन्हा सज्ज उभा राहिला.

त्यानंतर मी चार-चार केलं, ते खरं होतं. शेवटच्या वेळी मी सगळं अंग फेकून झेप घेतली. झेप आखूड पडली. माझं टोक त्याच्या छातीपासून चार बोटं अलीकडे थांबलं. ती चार बोटं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

दादाचा डावा हात वर गेला. "लागलं."

टाळ्या वाजल्या. सरांनी माझं नाव लिहून घेतलं. गोरखपूरवाला म्हणाला, "कमाल है, छोटे भाई." मला आयुष्यभर ऐकायचं होतं ते सगळं मी ऐकलं, आणि कानाला एकही शब्द गोड लागला नाही.

घरी जाताना आम्ही गल्लीतून एकामागे एक चाललो होतो. मी त्याच्या पाठीला म्हणालो, "दादा, माझं टोक पोचलं नव्हतं."

"मला वाटलं पोचलं."

"तू तर सांडालासुद्धा खोटं कबूल केलं नसतंस."

तो थांबला. छत्रीचं टोक फरशीच्या फटीत घालून उगाच फिरवत राहिला. "तू हरलास की बोलत नाहीस, अरू. मागच्या वेळी एकवीस रविवार गेले. मला बाकी काही नाही रे, पण रविवारी एकट्यासाठी आमटी करायची म्हणजे किती करायची, तेच कळत नाही." मग लगेच, "चल, सांड येतोय."

सांड वगैरे काही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, मी हॉलमध्ये कुरियन सरांसमोर उभा राहिलो आणि डावा हात वर केला. एका रात्रीत फार जड झाला होता तो. "सर, कल चार-तीन पर मुझे लगा था. मैं बोला नहीं." सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागे उभ्या असलेल्या दादाकडे पाहिलं आणि वहीतलं नाव खोडलं. दादा माझ्या कानाशी पुटपुटला, "गाढवा, जमलं होतं की सगळं."

तो दिल्लीला गेला. माझ्या बायकोने त्याच्यासोबत बेसनाचे लाडू दिले. मला कधी वाटेतल्या खाऊला लाडू मिळाले नव्हते, हेही मी मनात टिपून ठेवलं. हेवा असा एका दिवसात जात नाही.

पहिल्या रविवारी बायकोने सवयीने त्याचंही ताट घेतलं. उचलावं की राहू द्यावं, असा ती विचार करत होती, एवढ्यात फोन वाजला. मी उचलला.

"आमटी कसली केली आहे?" दादाने विचारलं.

"चिंचगुळाची."

"हं." मागे तलवारींचा खणखणाट आणि कुणीतरी परक्या भाषेत मोजत असल्याचा आवाज येत होता. "इथे फार चांगलं शिकवतात, अरू. आल्यावर तुला सगळं दाखवीन." मला पुन्हा थोडं टोचलं, म्हणून मी गप्प राहिलो. मग दादाने अगदी हळू विचारलं, "बोलतोयस ना?"

"बोलतोय," मी म्हणालो.

बायको माझ्याकडे बघून हसायला लागली, तेव्हा लक्षात आलं. फोनवर दिसत नाही हे ठाऊक असूनही मी डावा हात वर करून उभा होतो.