मेक्सिकोच्या पाहुण्यांसाठी चोवीस तास पाणी

पाणी हा प्रत्येकाचा हक्क आहे. तो योग्य नमुन्यात मागावा लागतो, इतकंच. पेण-रोहा रस्त्यावरच्या आमच्या गावात हे काम खाडीकाठ पाणीवाटप मंडळ पाही आणि मंडळाचा कारकून मी होतो. खालच्या आळीला दिवसाआड पंचवीस मिनिटं पाणी मिळे. (पैकी दहा मिनिटं नळातून हवा येई. तिचा आकार मंडळाने कधी लावला नाही.) आळीतल्या बायजाने, मिठागरावर काम करणारी बाई ही, अकरा वर्षांत नऊ अर्ज केले. नऊही मी स्वतः फायलीला नीट लावले.

१९९६ साली त्याच आळीतल्या मोरोपंत गुरुजींकडे दोन ॲक्सोलोटल आले. गुरुजी निवृत्त जीवशास्त्र शिक्षक. जर्मनीतल्या प्रयोगशाळेत असलेल्या जुन्या विद्यार्थ्याने ही जोडी भेट आणली. ॲक्सोलोटल हा मूळचा मेक्सिकोचा जलचर. चार पाय, लांब शेपटी, आणि कल्ले डोक्याबाहेर मुंडावळ्यांसारखे. कितीही वाढला तरी बालपण सोडत नाही. (मंडळावर सहज निवडून आला असता.) त्याला गार, सतत वाहतं पाणी लागतं.

तीन दिवस गुरुजींनी बादल्यांनी पाणी बदललं. चौथ्या दिवशी त्यांची पत्नी श्यामलाबाई म्हणाल्या, "अंघोळ एक तर तुम्ही करा, नाहीतर या दोघांना घाला."

गुरुजींनी अर्ज लिहिला: 'माझ्याकडे मेक्सिकोचे दोन पाहुणे मुक्कामाला आहेत. वाहतं पाणी न मिळाल्यास त्यांच्या जिवाला धोका आहे.'

मंडळाने तातडीची सभा घेतली. अध्यक्ष दाजी म्हणाले, "देशाच्या अब्रूचा प्रश्न हाय!" तीन दिवसांत स्वतंत्र लाईन आली. गुरुजींनी ती काचेच्या टाकीला जोडली, वर ओलं गोणपाट टाकलं. पाणी एका बाजूने आत, दुसरीकडून गटारात. पाण्यात टाकायचं औषध या प्राण्यांना बाधतं. ते टाकायचा मंडळाचा नियम होता, पण सवय नव्हती. दोघं छान वाढले.

गटारात जाणारं पाणी बघून बायजा हंडा घेऊन आली. "गुरुजी, तुमच्या नवरदेवांचं उष्टं पानी आमाला धुन्याला चालंल."

"उष्टं कशाला?" श्यामलाबाई म्हणाल्या. "टाकीच्या अलीकडेच तोटी बसवू." त्यांनी ती संध्याकाळच्या आत बसवून घेतली. आळीत दिवसाला तीनशे चाळीस हंडे भरू लागले. नळावरची भांडणं आठवड्याला चौदावरून दोनवर आली. (ती दोन जुनी होती.)

महिन्याने दाजी दोन हार घेऊन पाहुण्यांना भेटायला आले. टाकीत बराच वेळ पाहत राहिले.

"हे पाहुणे?"

"मेक्सिकोचेच," गुरुजी म्हणाले. "अर्जात एक अक्षर खोटं नाही."

"लाईन तोडा!"

बायजाने हंडा खाली ठेवला. "तोडा की. मी पेनच्या बाजारात सांगन, अध्यक्षांनी बेडकाच्या भावाला हार आनलान!"

दाजींनी घाम पुसला आणि मला शेरा सांगितला: 'पाहुण्यांस समक्ष भेटलो. दोघेही हसतमुख. लाईन कायम ठेवावी.' (या प्राण्याचं तोंडच हसरं असतं, शेरा अचूक आहे.) एक हार श्यामलाबाईंच्या गळ्यात पडला, दुसरा बायजाच्या. बायजा तर एवढी लाजली, की हंडा भरून वाहिला तरी तिला कळलं नाही.

पुढच्या महिन्यात बाकीच्या आळ्या मंडळाच्या दारात आल्या. पाणी एकानेही मागितलं नाही. सगळे विचारत होते, हे प्राणी मिळतात कुठे? मला त्यांचं हसू आलं नाही. तुम्हीही, वाचक, मघापासून टाकी हॉलमध्ये मावेल की गॅलरीत, याचाच हिशेब करताय.