फळ्यावरचं नेपाळ

माझा दीर सुदाम याने आम्हा दोन बायांना अंगणात रांगेत उभं केलं, स्वतः कडुनिंबाखाली स्टूल टाकून बसला आणि दरडावून म्हणाला, "कागदं दाखवा!" सकाळचे आठ वाजले होते. आत गॅसवर माझं दूध होतं.

"सुदाम, दूध उतू जाईन," मी म्हणाले.

"इथी सुदाम कोनी नाई. मी नेपायचा शिपाई हाये. रांग सोडली का पुन्हा मांगून उभं राहा लागते."

शिपायाने तोंडाला दोन मास्क लावले होते, त्यावर दुपट्टा गुंडाळला होता आणि डोक्यावर एसटीची जुनी खाकी टोपी घातली होती. माझ्या पुढे त्याचीच बायको लीला उभी होती. तिने पिशवी चाचपून मतदान कार्ड, आधार कार्ड आणि लशीचा कागद काढून दिला.

"जन्मतारीख?"

"एक जुलै."

"मांगच्या बाईची?"

"एक जुलै," मी म्हणाले.

शिपायाने डोळे बारीक केले. "दोघीबी एकाच दिवशी? संशय येते."

"तुही कोन्ती हाये रे?" मी विचारलं.

त्याचीही एक जुलैच आहे. आमच्या वेळी शाळेत नाव घालायला गेलं की गुरुजी पोराचं तोंड पाहून साल ठरवत आणि तारीख सगळ्यांना तीच देत. रिसोड तालुक्यातली निम्मी म्हातारी माणसं एकाच दिवशी जन्मलेली आहेत. इथे कोणाला त्याचं काही वाटत नाही. पण सुदाम खरोखर घाबरला. टोपी काढून म्हणाला, "समजा वयनी, समजा त्यानं इचारलं, तुमी तिघं जुये भाऊ-बहीन का म्हनून. मंग काय सांगाचं?"

दूध उतू गेलं.

सुदाम रिसोडच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. लोकांना गाड्यांत बसवण्यात त्याची सगळी नोकरी गेली. स्वतः मात्र वाशीम, अकोला आणि एकदा लग्नासाठी नांदेड, याच्या पलीकडे गेला नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा हा चौथीत नापास होऊन बसला होता. मी चौथी पास होते. म्हणून मी त्याला अरे-तुरे करते आणि तो मला वचकून असतो.

तसा तो सगळ्यांनाच वचकून असतो. रात्री गॅसचा खटका बंद करतो, मग वास घेतो, मग लीलाला वास घ्यायला लावतो. वीज कडाडली की मोबाईल गव्हाच्या कोठीत ठेवतो. गावाला जायचं असलं की दोन तास आधी स्टँडवर जाऊन बसतो आणि गाडी आली की चाकांकडे पाहून घेतो. त्याचं प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू होतं, आणि 'समजा'ने सुरू झालेलं त्याचं एकही वाक्य चांगल्या ठिकाणी पोचलेलं मी ऐकलेलं नाही. संध्याकाळी दाराची कडी लावण्याआधी घरातली माणसं मोजतो. एक, दोन, तीन. आधी चार मोजायचा.

आता हे नेपाळ कुठून आलं ते सांगते.

लीलाला काचबिंदू आहे. अकोल्याच्या डॉक्टरने सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी उरलेली टिकवायची. किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. तिला बाजूचं दिसत नाही. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसतं, आणि ती नळी महिन्या-महिन्याला बारीक होते आहे. अशात तिने विहारातल्या एका बाईच्या मोबाईलवर लुंबिनीचा फोटो पाहिला. भगवान बुद्ध जन्मले ती जागा. घरी येऊन जेवताना म्हणाली, "मले तिथी जाचं हाये. येवढं एक पायलं का मंग डोये गेले तरी चालते. काई राह्यलं नाई मंग."

सुदामचा घास हातातच राहिला. मला वाटलं, खडा लागला.

लुंबिनी नेपाळात आहे, म्हणजे परदेशात, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. पासपोर्ट लागत नाही, मतदान कार्ड चालतं, हेही कळलं. पण करोनाचे दिवस होते. हद्द आज उघडी, उद्या बंद. सुदामने ओसरीत एक फळा टांगला आणि स्टँडवर गाड्यांच्या वेळा लिहायचा तशा अक्षरात त्यावर रोज लिहायला लागला. 'नेपाळ: बंद.' 'नेपाळ: सुरू, पण तपासणी.' 'नेपाळ: अनिश्चित.' सकाळी मोबाईल पाहायचा, कुठे कुठे फोन लावायचा, तासभर कानाला धरून बसायचा आणि मग खडू उचलायचा. शेजारपाजारचे लोक दूध घ्यायला जाताना आमच्या ओसरीकडे पाहून जात. "काय सुदामभाऊ, नेपाय लागलं का फलाटावर?" असं चिडवत. हा त्यांनाही गंभीरपणे उत्तर द्यायचा.

एकदा नियम निघाला की नाकातल्या तपासणीचा रिपोर्ट बहात्तर तासांच्या आतला पाहिजे. सुदामने बोटं मोजली. "रिपोर्ट याले दोन दिवस, जाले दोन दिवस. रेल्वेतच शिया होते तो." तरी त्याने सराव म्हणून आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून स्वतःच्या नाकात घातला. एकवीस शिंका आल्या. शिंकांना घाबरून आमच्या गल्लीत दोन दिवस कोणी फिरकलं नाही.

मग त्याला कळलं की तिकडे धरून ठेवलं तर चौदा दिवस ठेवतात. त्याने ज्वारीचं पीठ दळून आणलं. "तिथी भात खातेत म्हनतेत. चौदा दिवस भातावर कसं निघन?" मी म्हटलं, तू चूल कुठे मांडशील? तर छोटी शेगडी आणायला निघाला.

आणि नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे हे वाचलं, त्या दिवशी तर जेवला नाही. "अर्धा तास समजतो, एक तास समजतो. पंधरा मिनटं कायले? समजा आपुन आपल्या टायमानं गेलो, आन् त्यायचं दार पंधरा मिनटं आंधी लागलं. तर?"

आम्ही हसायचो. पण मीही भ्यायले होते हे लिहून टाकते. आदल्या उन्हाळ्यात दुसऱ्या लाटेत माझा नवरा गेला. अकोल्याला नेणाऱ्या गाडीत त्याला सुदामनेच बसवलं, पायाखालची चादर नीट केली आणि दार लावलं. त्यानंतर मला तोंडही पाहायला मिळालं नाही. तेव्हापासून गाडीचं दार लागल्याचा आवाज झाला की मी हातातलं काम टाकून दारात येते. त्यामुळे फळ्यावर 'बंद' वाचलं की लीलाचं तोंड उतरायचं, पण मला आतून बरं वाटायचं. मी तिला तसं कधी सांगितलं नाही.

दिवाळी गेली. जानेवारीत पुन्हा लाट आली. लीला चहा कपाच्या बाहेर ओतायला लागली. तुळई चुकवायला वाकायचं विसरायला लागली, कपाळावर टेंगूळ घेऊन फिरायची. फळ्यासमोर उभी राहून विचारायची, "काय लिवलं आज?" अक्षर वितीएवढं असलं तरी तिला मान फिरवून फिरवून वाचावं लागे, म्हणून विचारायची.

"अनिश्चित," सुदाम सांगायचा.

होळीनंतर मी अनसिंगला भाचीकडे गेले. तिथल्या विहारात वंदनेला गेले तर शेजारी बसलेल्या बाईने माझ्या हातावर पिंपळाचं वाळलेलं पान ठेवलं. "लुंबिनीचं हाये."

"कधीचं?"

"पंधरा दिवस झाले. आमची अख्खी बस गेली होती. सगयं खुलं हाये बाई. लशीचा कागद पायतेत, बस."

मी त्याच दिवशी परत निघाले. रिसोडला उतरून घरी आले तेव्हा दुपारची वेळ होती. लीला आत पडली होती. सुदाम ओसरीत बसला होता आणि फळ्यावर लिहिलं होतं, 'नेपाळ: अनिश्चित.'

मी पान त्याच्यापुढे धरलं. "कधीपासून खुलं हाये रे?"

त्याने पान पाहिलं. माझ्या तोंडावर खोटं बोलण्याची त्याची हिंमत नाही. "महिना झाला," तो म्हणाला.

"महिना! अन् तू रोज तिले खोटं वाचून दाखवून राह्यला? तिचे डोये का तुह्या खडूसाठी थांबले हायेत? लाज नाई वाटत?"

"हयू बोला वयनी, ते आत आयकन."

"काहून हयू बोलू? भ्याला असशीन तर घरी बस. मी नेईन तिले."

त्याने बोटाला लागलेला खडू पुसला. मग म्हणाला, "भाऊ गाडीत बसताना काय म्हनला होता, तुमाले आठोते?"

मला आठवत होतं. पोरगी सासरी सुखी आहे, घर झालं, आता माझं काही राह्यलं नाही, असं म्हणाला होता.

"हे जेवताना तसंच बोलली," सुदाम म्हणाला. "काई राह्यलं नाई मंग, असं. शब्दानं शब्द. मी असं काई मानत नाई वयनी. आपल्यात मानत नाईत. पन समजा..."

म्हणून हा माणूस लीलाची लुंबिनी महिनाभर खडूने अडवून बसला होता. तिला तिकडे काय होईल याची त्याला भीती होतीच. पण ती सगळं पाहून मोकळी होईल, याची जास्त होती.

मला त्याची दया आली नाही. मी म्हणाले, "तुह्या भावाचं फुप्फुस गेलं होतं, म्हनून तो गेला. बोलल्यानं कोनी मरत नाई. मरत असतं तर मी तुमाले सगळ्याईले कधीचीच मारून बसली असती. ऊठ, फया पुस."

त्याने फळा पुसला. लीलाला मी यातलं काही सांगितलं नाही. नेपाळ उघडलं, एवढंच सांगितलं. तिनेही काही विचारलं नाही.

आठ दिवसांनी आम्ही निघालो. चार दिवसांचा प्रवास, पण सामान मुक्काम हलवल्यासारखं. अकोल्याला रेल्वेत बसलो तेव्हापासून गोरखपूरपर्यंत सुदाम झोपला नाही. दर स्टेशनाला आम्हाला मोजायचा. हद्दीजवळ बसमधून उतरलो तेव्हा त्याने कागदांची पिशवी इतक्यांदा उघडून पाहिली की शेवटी ती मला धरावी लागली. समोर मोठी कमान, तिच्याखालून माणसं, सायकली, रिक्षा, सगळं चाललेलं. तिथल्या शिपायाने आमच्याकडे पाहिलंही नाही. हाताने 'चला' म्हणाला.

सुदाम थांबला. "साहब, कागज?"

"ठीक है, जाओ."

"देख तो लो साहब. तीनों का एक जुलै है, पर हम जुड़वा नहीं है."

मी त्याचं मनगट धरून त्याला परदेशात ओढलं.

लुंबिनीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मायादेवीचं मंदिर बाहेरून पांढरं आहे. आत जुन्या विटांचे पाये आहेत, त्यांच्या कडेने लाकडी वाट केली आहे आणि मधोमध एक दगड काचेखाली ठेवला आहे. तीच जागा. लोक रांगेने येतात, हात जोडतात, पुढे सरकतात. एकेकाला घडीभरही मिळत नाही.

लीला काचेजवळ गेली आणि थांबली. तिला सगळं एकदम दिसत नाही. तिने आधी दगडाचा एक कोपरा पाहिला, मग मान थोडी हलवून पुढचा तुकडा, मग त्याच्या पलीकडची वीट. आम्ही ज्वारी निवडतो तसं ती ते दाणा दाणा पाहत होती. मागची रांग अडली. कोणी खाकरलं, कोणी ढकललं. मला वाटलं, सुदाम आता तिला हाताला धरून बाहेर काढील.

सुदाम वळला आणि रांगेसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. रखवालदार आला, त्याने पुढे चला म्हणून हात केला. सुदाम हलला नाही. रखवालदार त्याच्या भाषेत मोठ्याने काही बोलला. सुदाम म्हणाला, "ते पाहून राह्यली ना साहेब. पाहू द्या." त्या माणसाला हे मराठी काय कळणार? पण तो लीलाकडे पाहत उभा राहिला, आणि मग त्यानेच मागच्यांना थांबवलं.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी लीलाने मान वर केली. सुदामने तिच्याकडे पाहिलं नाही. तो जमिनीकडे पाहत होता, कोर्टात निकालाला उभा असलेला माणूस पाहतो तसा.

"अर्धंच झालं आज," लीला म्हणाली. "डाव्या अंगाचं राह्यलं. उद्या येऊ?"

दुसऱ्या दिवशी पहाटे आमची परतीची बस होती. वेळ सुदामनेच ठरवली होती, दोनदा पडताळली होती. मी ते बोलणार, एवढ्यात तो त्या रखवालदाराच्या मागे गेला. सकाळी दार किती वाजता उघडतं, हे तो त्याला हाताची बोटं दाखवून विचारत होता.