जिराफाचे पाय

खरेदी या विषयात मला कोणी शिकवायला येऊ नये! पंपांच्या कारखान्यात मी खरेदी विभाग सांभाळतो आणि गेल्या चौदा वर्षांत तीन ठिकाणचे दर मागवल्याशिवाय साधा नटबोल्ट घेतलेला नाही. घरीही तेच. गेल्या वर्षी नवी फरशी घातली, तीसुद्धा जुनी न फोडता तिच्यावरच बसवून घेतली. गवंडी नको नको म्हणत होता, पण मी ऐकलं नाही. ना धूळ, ना ठोकाठोक. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी ती फरशी दाखवतो.

तेव्हा परदेशातल्या सुट्टीत थीम पार्कला जायचं ठरल्यावर मी जाहीर करून टाकलं की तिकिटं कधी घ्यायची आणि कुठून घ्यायची, हे माझ्यावर सोडा. बायकोने एका शब्दाने विरोध केला नाही. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

मी तक्ता केला. पार्कची वेबसाइट, ट्रॅव्हल एजंट आणि तिथल्या हॉटेलचं काउंटर, असे तीन रकाने. एजंटचं म्हणणं, महिनाअखेरीला पार्कची सवलत संपतेय, आजच घ्या. मेहुण्याने सांगितलं, थेट गेटवर घ्यायची, उगाच डोकं शिणवायचं नाही. तो स्वतः गेटवरच्या रांगेतून आत पोचला तेव्हा आतली माणसं घरी निघाली होती, हे मात्र त्याच्या बायकोकडून कळलं. गेट बाद!

पण खरं घोडं अडलं होतं वेगळ्याच ठिकाणी. आमच्या लेकीला त्या पार्कमधल्या लाल रोलर कोस्टरमध्ये बसायचं होतं. सात वर्षांची पोर, दोन वर्षं त्याचाच ध्यास. पार्कचा नियम असा की एकशेवीस सेंटिमीटर किंवा जास्त उंची असेल तर मोठ्यांचं तिकीट, आणि कोस्टरमध्ये एकटं बसता येतं. त्याहून कमी असेल तर मुलांचं तिकीट, आणि शेजारी घरातलं मोठं माणूस हवंच. बायकोची मान दुखते, धक्के बसतील असं काही करायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. म्हणजे उरलो मी.

आता घरात न सांगितलेली गोष्ट तुम्हाला सांगतो. बल्ब बदलायला स्टुलावर चढलो तरी माझे पाय लटपटतात. त्यामुळे माझा निर्णय पक्का होता. पोरीने एकशेवीस गाठायचे, मोठ्यांचं तिकीट घ्यायचं, तिने ऐटीत एकटीने वर जायचं आणि मी खाली पिशव्या सांभाळत हात हलवायचा. तोपर्यंत खरेदी नाही!

लेकीच्या खोलीच्या दाराशेजारी भिंतीवर कागदी जिराफ चिकटवलेला आहे, मानेवर सेंटिमीटरच्या खुणा असलेला. ती उभी राहायला लागली तेव्हापासूनचा. मी रोज सकाळी तिला जिराफापाशी उभी करू लागलो. माणूस सकाळी उठल्या उठल्या थोडा उंच असतो असं कुठंतरी वाचलं, तेव्हापासून तर तिला चूळही भरू देईना. एकदा ती म्हणाली, "बाबा, जिराफ बुटका झालाय."

"जिराफ तेवढाच आहे," मी म्हणालो. "तू वाढतेयस."

ती दिवसभर खुशीत होती. पोरीने वर्गात सांगूनही टाकलं की मी एकटी जाणार आहे. बायको रोज विचारायची, तिकिटं घेतलीत का, आणि मी रोज म्हणायचो, बाजाराचा अंदाज घेतोय. एजंटने तर फोन उचलणं बंद केलं.

सवलतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी लेकीचं डोकं बरोबर एकशेवीसच्या रेघेवर टेकलं! मी दात न घासता पार्कच्या वेबसाइटवरून तिकिटं घेतली. बदल नाही, परतावा नाही, पण रांग न लावता अमर्याद फेऱ्या. पैसा वसूल! तिघांचीही मोठ्यांची तिकिटं पाहून बायको म्हणाली, "तुम्ही आणि महागातलं घेतलंत? बरं वाटत नाहीये का?"

पार्कमध्ये रोलर कोस्टरच्या दाराशी एक मुलगी उंचीची काठी घेऊन उभी होती. तिने लेकीला काठीपाशी उभं केलं, वाकून पाहिलं आणि मान हलवली. एकशे अठरा.

मी हसलोच. काठी चुकीची आहे म्हणालो. पुरावा म्हणून मोबाइलमधला त्या सकाळचा फोटो पुढे केला, लेक ताठ उभी, मागे जिराफ. त्या मुलीने नम्रपणे पाहिला. बायकोने मात्र माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि फोटो मोठा केला.

"अहो," ती म्हणाली, "जिराफाचे पाय कुठायत?"

जिराफाचे खूर फरशीखाली गेले होते! जुन्या फरशीवर नवी चढली, जमीन दोन सेंटिमीटर वर आली, तिच्यावर उभी राहणारी पोरही वर आली. जिराफ बिचारा होता तिथेच. गवंड्याचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला.

लेकीचे डोळे भरले. तिला फरशीचं काही कळलं नव्हतं, एवढंच कळलं होतं की आपण कमी पडलो. मला फार वाईट वाटलं. दोन सेंटिमीटर मी चोरले होते आणि शरमेने मान तिची खाली गेली होती.

काठीवाल्या मुलीने फलकावरच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मोठं माणूस शेजारी असेल तर चालेल.

"बाबा," लेक म्हणाली, "तू येशील?"

काय सांगू! गेलो. वर चढताना मी तिचा हात धरला होता की तिने माझा, ते आठवत नाही. खाली येताना जो आवाज ऐकू आला तो माझा होता, असं बायकोने खालून ओळखलं. थांबल्यावर लेक माझ्या दंडाला धरून हलवत म्हणाली, "बाबा, डोळे उघड, संपलं." आणि मग, "अमर्याद म्हणजे आपण परत बसू शकतो ना?"

त्या दिवशी आम्ही सात वेळा बसलो.

घरी आल्यावर पहिलं काम केलं, जिराफ सोडवला आणि दोन सेंटिमीटर वर चिकटवला. लेक शेजारी उभी राहून बघत होती. मी म्हणालो, आता रोज भरपूर जेव, पुढच्या सुट्टीपर्यंत एकशेवीस आरामात होशील, मग एकटी जाशील.

"काही घाई नाही बाबा," ती म्हणाली. "मला तुझ्याबरोबरच बसायचंय."